मॅक्यून-अल्ब्राइट सिंड्रोम असताना मूल होऊ शकते का?

आपण विचारले आहे की, लहानपणीच मॅक्यून-अल्ब्राइट सिंड्रोमचे (हाडे, त्वचा आणि हार्मोन तयार करणाऱ्या ग्रंथी यांवर परिणाम करणाऱ्या दुर्मीळ आजाराचे) निदान झाले आहे, सव्विसाव्या वर्षीही पाळीचा मेळ नाही आणि आता घरात स्थळे पाहणे सुरू आहे, तर मूल होईल का आणि झाल्यास हा आजार त्याला लागेल का. मी डॉक्टर नाही, पण मला हाच आजार आहे आणि मला एक मुलगी आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण घरच्यांच्या मनात भीती त्याचीच असते. हा आजार आनुवंशिक नाही. माझे लग्न ठरताना सासूबाईंनी "तुमच्या घराण्यात आणखी कोणाला आहे का?" असे विचारले, तेव्हा माझ्या हार्मोनतज्ज्ञ डॉक्टरांनी कागदावर एक वर्तुळ काढले, त्याची दोन, चार, आठ वर्तुळे केली आणि त्यांतल्या एकावर रेघोट्या मारल्या. गर्भ मूठभर पेशींचा असताना त्यांतल्या एका पेशीच्या जीएनएएस या जनुकात बदल होतो आणि तो फक्त तिच्यापासून पुढे बनणाऱ्या पेशींत उतरतो. म्हणूनच कॉफीच्या रंगाचे डाग माझ्या पाठीच्या एकाच बाजूला आहेत आणि एकाच मांडीचे हाड वाकलेले आहे. हा बदल आईवडिलांकडून येत नाही, आणि आईकडून बाळाला गेल्याची आजवर नोंद नाही. मुलाकडच्यांना हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. कोणापासून काही लपवावे लागत नाही.

मूल होण्याची गोष्ट थोडी अधिक गुंतागुंतीची आहे. मी तीन वर्षांची असताना माझ्या फ्रॉकला रक्त लागलेले पाहून आई हादरली होती. बीजांडकोशावर गाठ दिसली म्हणून एका शल्यचिकित्सकांनी ती काढली, आणि काही महिन्यांतच दुसरी आली. आज तशी शस्त्रक्रिया शक्य तितकी टाळतात, कारण अशी गाठ मेंदूकडून आदेश न येताही इस्ट्रोजेन तयार करते, काही काळाने आपोआप बसते, इस्ट्रोजेन एकदम उतरते आणि अंगावरून जाते. मोठेपणीही हेच चक्र चालू राहू शकते. गाठ जागी असेपर्यंत मेंदूकडून येणारे संप्रेरकांचे संकेत दबलेले राहतात आणि बीज सुटत नाही. त्यामुळे दिवस राहायला वेळ लागू शकतो, पण दार बंद झालेले नसते. रक्तस्रावाला कंटाळून कोणी गर्भाशय काढण्याचा सल्ला दिला, तर हा आजार ओळखणाऱ्या हार्मोनतज्ज्ञांचे आणि वंध्यत्वतज्ज्ञांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका. चोविसाव्या वर्षी मला तो सल्ला मिळाला होता. मी थांबले, म्हणून आज माझी मुलगी आहे.

दिवस राहण्याआधी थायरॉइड, ग्रोथ हार्मोन आणि रक्तातील फॉस्फरस तपासून घ्या, कारण या आजारात तिन्हींचे प्रमाण बिघडू शकते आणि जास्त चाललेले थायरॉइड गर्भारपणात धोक्याचे असते. हाडांच्या दुखण्यासाठी झोलेड्रोनिक ॲसिडचे इंजेक्शन घेत असाल, तर मूल हवे असल्याचे पुढच्या डोसआधीच सांगा; ते औषध हाडांत वर्षानुवर्षे राहते. स्तनांच्या कर्करोगाचा धोकाही वाढलेला असतो, विशेषतः छातीच्या बरगड्यांत आजार असल्यास, म्हणून मॅमोग्राफी इतरांपेक्षा लवकर कधी सुरू करायची हे विचारून ठेवा.

गर्भारपणात माझी मांडी अधिक दुखली, काहींना तसे होत नाही. ओटीपोटाभोवतीच्या (कटीच्या) हाडात आजार असेल, तर सिझेरियनचा निर्णय आधी घेतलेला बरा. माझ्या वेळी भूलतज्ज्ञांनी आठव्या महिन्यातच मला बोलावून घेतले आणि माझा मणक्याचा जुना एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून सुई कोणत्या जागी देता येईल ते बोट ठेवून दाखवले. आपल्याकडचे जुने एक्स-रे असतील, तर एकही टाकून देऊ नका.