पोटरीत गोळा येतो, मग चालायचं कसं?

प्रश्न: ताई, आम्ही सेलू तालुक्यातले. आमचे अण्णा ६३ वर्षांचे, शुगर आहे, बिडी तर पोरवयापासून. शेताकडं निघाले की लिंबाच्या झाडापाशी जाऊस्तोर पोटरीत गोळा येतो, दोन-तीन मिनिटं थांबले की जातो, पुन्हा चालले की पुन्हा तेच. संभाजीनगरला दाखवलं तर म्हणले पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात, बिडी सोडा अन् रोज चाला. अण्णा म्हणतात, चाललं की दुखतं म्हणून तर गेलो होतो. घरात रोज बिडीवरून भांडण. काय करावं?

उत्तर: दादा, अण्णांचं काहीच चुकलं नाही, चालायचं कसं हे त्यांना कुणी नीट सांगितलंच नाही. या आजारात गोळा आला म्हणजे पाय खराब होतोय असं नाही, चालताना स्नायूला जास्त रक्त लागतं अन् ते पुरत नाही म्हणून ते दुखतं. तर चालायचं, बऱ्यापैकी दुखू लागलं की थांबायचं, बसायचं, पूर्ण कमी झालं की पुन्हा निघायचं. थांबणं हा त्या व्यायामाचाच भाग आहे हे अण्णांना आवर्जून सांगा, नाहीतर माणसाला थांबलं की हरल्यासारखं वाटतं. सुरुवात १० मिनिटांनी केली तरी चालेल, हळूहळू ३० ते ४५ मिनिटांपर्यंत न्यायचं, आठवड्यातून निदान ३ दिवस, आणि कमीत कमी १२ आठवडे, कारण फरक दिसायला तेवढा वेळ लागतोच. उन्हाळ्यात पहाटेच निघायचं. छातीत दुखलं किंवा दम लागला तर मात्र तिथंच थांबून डॉक्टरांना दाखवायचं. आज लिंबापर्यंत, पुढच्या आठवड्यात विहिरीपर्यंत, असं नातवाला कॅलेंडरवर लिहायला लावा, मोजलेलं डोळ्यासमोर असलं की माणूस स्वतःहून निघतो.

आता बिडी. भांडून सुटत नाही हो, उलट गोठ्यामागं जाऊन ओढतात. एक दिवस शांतपणे विचारा, अण्णा, तुम्हाला स्वतःला काय वाटतं, कोणती बिडी सोडणं सगळ्यात अवघड? चहाबरोबरची असं म्हणले तर त्या वेळेला काय करायचं ते त्यांनाच ठरवू द्या, तारीखही त्यांनाच. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत नंबर आहे, तिथं फोन लावून द्या. पुन्हा एखादी ओढली तर टोमणा मारू नका. फक्त बिडीच्या जागी तंबाखू-चुना येऊ देऊ नका, निकोटीननं रक्तवाहिन्या आवळतातच.

गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत. रानात अनवाणी नको, विटेनं पाय शेकणं तर अजिबात नको, शुगरमध्ये चटका कळत नाही. रोज रात्री पायाची बोटं तुम्ही बघा. जखम भरत नसेल, बोट काळं पडत असेल, रात्री पाय खाटेखाली सोडल्याशिवाय झोप येत नसेल तर लगेच डॉक्टरकडं न्या, आणि पाय अचानक गार, पांढरा, बधिर पडून खूप दुखायला लागला तर सकाळची एसटी बघत बसू नका, रात्रीच १०८ ला फोन करा.