भारतातल्या वीज ग्रिडच्या सुरक्षेसाठी नवा कायदा हवा का?

नवा कायदा कशाला? विद्युत अधिनियम २००३ चे कलम २९ आधी वाचा. प्रादेशिक भार प्रेषण केंद्राचा (अनेक राज्यांच्या ग्रिडवरचा विजेचा प्रवाह सांभाळणाऱ्या नियंत्रण कक्षाचा) आदेश पाळायचाच, वाद असेल तर केंद्रीय वीज नियामक आयोगाकडे जा, पण निकालापर्यंत आदेश लागू. शब्द चोख आहेत. न पाळल्यास दंड? फार तर १५ लाख. बाजारात युनिट १० रुपयांना असेल तर १५० मेगावॅट वीज एक तास घ्यायला तेवढेच पैसे लागतात. राज्याच्या भार प्रेषण केंद्राचा आदेश मोडण्याची किंमत तर कलम ३३ प्रमाणे ५ लाखच.

आणि कृपा करून २०१२ मध्ये ग्रिड कोसळले त्याबद्दलचे ‘राज्यांनी जास्त वीज ओढली’ हे पालुपद पुन्हा नको. ओढली, हे खरेच. पण ३० जुलैला रात्री २:३३ ला उत्तर ग्रिड पडण्याआधी फ्रिक्वेन्सी (विजेची दर सेकंदाची आवर्तने, हवीत ५०; मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की ती घटते) ४९.६८ होती; ३१ ला तीन ग्रिड दुपारी पडले, त्याआधी ४९.८४. दोन्ही धोक्याइतक्या खाली नव्हत्या. अडचण रस्त्याची, म्हणजे वीज वाहणाऱ्या लाइनची होती. बिना–ग्वाल्हेर–आग्रा मार्गाचे एक सर्किट ७६५ केव्हीच्या कामासाठी बंद, सगळा भार उरलेल्या ४०० केव्ही सर्किटवर. करंट चढला, व्होल्टेज उतरले, डिस्टन्स रिलेला (लाइनवर बिघाड दिसला की ती तोडणाऱ्या उपकरणाला) दिसणारा इम्पीडन्स, म्हणजे व्होल्टेज भागिले करंट, घटत झोन-३ मध्ये, म्हणजे त्याच्या सर्वात लांबच्या बिघाड-पट्ट्यात शिरला आणि फॉल्ट नसताना लाइन ट्रिप झाली. मग तीच वीज पूर्वेकडून वळसा घेऊन उत्तरेत जाऊ लागली, दोन टोकांच्या व्होल्टेजमधला कोन वाढला, पॉवर स्विंग (विजेचा प्रवाह हेलकावणे) सुरू झाला आणि ग्रिडचे तुकडे पडले. पश्चिम ग्रिड, म्हणजे आपणही, वाचलो. त्या वेळचे जादा उचलीचे शुल्क फ्रिक्वेन्सीवर ठरायचे. फ्रिक्वेन्सी बरी असेल तर रस्ता तुंबला तरी उचल स्वस्तच. शिक्षा चुकीच्या मापाला बांधली की असेच होते.

तेव्हा बदल करायचाच तर अंडर-फ्रिक्वेन्सी रिलेपासून, म्हणजे फ्रिक्वेन्सी घसरली की आपोआप भार तोडणाऱ्या उपकरणापासून करा. ४९.४, ४९.२, ४९.०, ४८.८ या टप्प्यांवर ठरलेला भार सुटायला हवा. यादीतला फीडर (एका भागाला वीज नेणारी लाइन) आधीच भारनियमनात असेल तर रिले चालते आणि सुटते शून्य. एकच फीडर भार तोडण्याच्या दोन योजनांत मोजलेला असतो. फीडरवर सौर प्रकल्प असेल तर भर दुपारी तुम्ही मागणी नव्हे, निर्मितीच तोडता. म्हणून कागदावरचे मेगावॅट सोडा, रिले चालली त्या क्षणी फीडरवर खरोखर किती भार होता ते मोजा आणि दंड त्या तुटीवर, प्रति मेगावॅट लावा.

दुसरे कलम ३१. स्वतंत्र सरकारी कंपनी नेमेपर्यंत राज्याचे भार प्रेषण केंद्र राज्याच्या पारेषण कंपनीनेच चालवायचे, असे त्यात आहे. ते ‘तोपर्यंत’ वीस वर्षांहून जास्त चालले. राष्ट्रीय आणि प्रादेशिक केंद्रे २०१७ मध्ये पॉवरग्रिड या केंद्र सरकारच्या पारेषण कंपनीपासून वेगळी झाली, आज ती ग्रिड इंडिया. महाराष्ट्राचे ऐरोलीचे केंद्र मात्र महापारेषण या राज्याच्या पारेषण कंपनीकडेच.

सायबर हल्ल्यांचे म्हणाल, तर तिथे कायदा कडक आहे: सरकारने संरक्षित ठरवलेल्या संगणक यंत्रणेत घुसणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७० खाली १० वर्षांपर्यंत कैद.

हो, विचलन शुल्क (ठरल्यापेक्षा कमी-जास्त वीज घेतल्याचे पैसे) दंडाशिवाय वेगळे लागते, त्यामुळे वरचा १५ लाखांचा हिशेब थोडा एकांगी आहे.