गोष्ट आली गोठ्यातून

प्रश्न आला आहे : ‘गोष्ट म्हणजे कहाणी, मग “ही चांगली गोष्ट नाही” यातला अर्थ इंग्रजी “थिंग”वरून आला का? आणि गोष्ट व कथा यांत फरक काय?’

आधी एक विनंती. ‘गोष्ठ’ लिहू नका. शुद्धलेखनाच्या हौसेनं हल्ली जो तो ठ चिकटवतो. संस्कृतात गोष्ठ आहे, पण त्याचा अर्थ गाई बांधायची जागा. ‘गोष्ठ सांगतो’ म्हणणारा गोठा सांगत असतो!

अर्थात, नातं आहेच. गो + स्थ = गोष्ठ; आपला गोठा तिथलाच. गाईंपाशी माणसंही जमत असणार, कारण पुढे गोष्ठी म्हणजे मंडळींची बैठक, मग बैठकीतलं बोलणं. ज्ञानेश्वरीत (शके १२१२) ती ‘गोठी’ होऊन भेटते. जे बोललं गेलं ती गोष्ट, आणि ज्याविषयी बोललं गेलं तीही गोष्ट. हिंदीतली ‘बात’ याच वाटेनं गेली.

इंग्रजीची नक्कल म्हणणाऱ्या पंडितांना एवढंच विचारावं, की ‘थिंग’ला कहाणी हा अर्थ कुठे आहे? उलट गंमत अशी, की ‘थिंग’ हीच मुळात सभा. आइसलँडची इ.स. ९३० पासूनची संसद ‘आल्थिंग’, तिच्यात तो जुना अर्थ शाबूत आहे. सभा, सभेपुढचा विषय, मग कुठलीही वस्तू. इटालियन ‘कोझा’ म्हणजे वस्तू, तिचं लॅटिन मूळ ‘काउसा’ म्हणजे कारण, खटला.

माझं म्हणणं असं, की चारचौघांत बोलणं झाल्याशिवाय माणसाला जगातली कुठलीच बाब धड दिसत नाही. आधी सांगणं, मग वस्तू. हे ओढूनताणून वाटत असेल, तर ‘वस्तू’च पाहा. धनंजय या संस्कृत पंडिताच्या ‘दशरूपक’ या नाट्यशास्त्रावरच्या ग्रंथात ‘वस्तु’ म्हणजे नाटकाचं कथानक! आपण गोष्टीला वस्तू केलं, त्यांनी वस्तूची गोष्ट केली. कोशकार हे दोन अर्थ १, २ आकडे घालून वेगळे मांडतात आणि मोकळे होतात. आकड्यांच्या मधे काय घडलं, ते कोण सांगणार?

हां, कथा. कथ् धातू ‘कथम्’वरून, म्हणजे ‘कसं?’वरून आला, असं मानतात. ‘कसं झालं?’ याचं उत्तर ती कथा. फरकाचं म्हणाल, तर असाच वाद जुन्या संस्कृत काव्यशास्त्रकारांत झाला. भामहानं कथा आणि आख्यायिका हे गद्याचे दोन प्रकार वेगळे काढले. दंडीनं ‘जात एक, नावं दोन’ म्हणून विषय मिटवला. गोष्ट आणि कथेबाबत मीही दंडीच्या बाजूचा.