'एन्चुफे' शिकताय? आधी प्लग, मग वशिला

स्पॅनिश शिकायला घेतलीत, सुरुवात छान आहे! स्पॅनिशमध्ये 'एन्चुफे' म्हणजे प्लग किंवा भिंतीतलं सॉकेट. हॉटेलात फोन चार्ज करायला हाच शब्द लागेल, म्हणून आधी तो पक्का करा. शब्द पुल्लिंगी: 'एल एन्चुफे'.

स्पेनमध्ये याचाच दुसरा अर्थ वशिला. (आपल्याला वेगळं समजवायला नकोच!) 'तेनेर एन्चुफे' म्हणजे वशिला असणं.

नवखे इथे चुकतात:

- 'एन्चुफादो', म्हणजे वशिल्याने चिकटलेला, हे कुणाला तोंडावर म्हणतात. झोंबतं ते. तूर्त फक्त ऐकून ओळखा.
- वशिल्याचा अर्थ सगळीकडे चालेल असं धरतात. कोलंबियात त्यासाठी 'पालांका', म्हणजे तरफ; चिलीत 'पितुतो'.

या शब्दावरून होणाऱ्या क्रियापदाची रूपं सध्या राहू द्या.