सातव्यांदा सांगितल्यावर

“मुलगा नऊ वर्षांचा आहे. काहीही सांगा, पहिला शब्द ‘नाही’. चिडला की दार आपटतो, स्वतःच्या चुकीचं खापर धाकट्या बहिणीवर फोडतो. शाळेत मात्र ठीक असतो म्हणतात. हा ओडीडी आहे, की आमचेच लाड नडले?”

थोड्याफार फरकाने हा प्रश्न अनेक आईबाप विचारतात. पुढचं उदाहरणही अशा अनेक घरांवरूनच बेतलेलं आहे.

ओडीडी म्हणजे ऑपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर, सतत विरोध करण्याचा आणि धुडकावण्याचा विकार. डीएसएम-५ मध्ये (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकी नियमावली) त्याची ८ लक्षणं आहेत: वारंवार पारा चढणं, जरा काही झालं की चिडणं, मनात राग धरून बसणं, मोठ्यांशी हुज्जत घालणं, सांगितलेलं धुडकावणं, मुद्दाम डिवचणं, खापर दुसऱ्यावर फोडणं, आणि ६ महिन्यांत निदान दोनदा डूख धरून वागणं. यांतली किमान ४ लक्षणं किमान ६ महिने दिसायला हवीत. पाच वर्षांखालचं मूल बहुतेक दिवशी असं वागतं का हे पाहतात, त्यापुढच्या वयात आठवड्यातून एकदा तरी. शिवाय त्या वागण्याने मुलाचं किंवा घरच्यांचं जगणं अवघड झालेलं असावं लागतं. एक अट हमखास नजरेतून सुटते. हे वागणं भावंडाखेरीज निदान एका माणसाशी असलं पाहिजे. नुसतं बहिणीशी भांडण यात धरत नाहीत.

‘शाळेत शहाणा, घरी वाघ’ याचा अर्थ निदान चुकलं असा नाही. एकाच ठिकाणी त्रास असेल तर सौम्य, दोन ठिकाणी मध्यम, तीन किंवा जास्त ठिकाणी तीव्र.

या मुलात ५ लक्षणं जुळली. तरी लगेच शिक्का मारायचा नसतो. अभ्यासालाच भडका उडत असेल तर वाचन-लेखनाची अडचण शोधावी. सूचना अर्ध्यात सुटत असेल तर एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलपणाचा विकार). झोप, ऐकू येणं, चिंता, उदासी हेही तपासायचं. यातलं काही निसटलं तर वर्षभर शिस्त लावूनही फरक पडत नाही. ओडीडीसाठी म्हणून वेगळं औषध नाही. एडीएचडी सोबत असेल तर त्याच्या औषधाने हुज्जतही बऱ्याचदा कमी होते. तो निर्णय बालमनोविकारतज्ज्ञांचा. इथे तसं काही निघालं नाही.

मग आईला आठवडाभर वही ठेवायला सांगितली: काय सांगितलं, त्याने काय केलं, पुढे काय झालं. एक नोंद अशी: “७:१० टॅब ठेव म्हटलं. ‘पाच मिनिटं.’ ७:१५ पुन्हा. ७:२५ पर्यंत सहा वेळा. सातव्यांदा मी ओरडले, त्याने उशी फेकली. कंटाळून मी बाहेर गेले. ७:५० ला चार्जिंग संपलं.”

उपचाराचं मर्म या नोंदीत आहे. आई निघून गेली, वाद थांबला, तिला सुटल्यासारखं वाटलं. त्याला चाळीस मिनिटं टॅब मिळाला. दोघांनाही आपापलं बक्षीस मिळालं, म्हणून उद्या तेच होणार. पहिल्या सहा सूचनांना वजन नाही, हे मूल अनुभवाने शिकलेलं असतं. म्हणून पालक-प्रशिक्षण हाच मुख्य उपचार. एकट्या मुलाला आठवड्यातून तासभर समजावून ही साखळी तुटत नाही.

पहिले दोन आठवडे शिस्तीला हातच लावायचा नाही. रोज ५ ते १० मिनिटं त्याच्या आवडीचा खेळ. त्या वेळात प्रश्न, सूचना, टीका बंद. आईबाप इथेच कंटाळतात (‘एवढा उद्धट वागतो आणि वर खेळायचं?’), पण जिथे दिवसभर फक्त बोलणी मिळतात तिथे नवा नियम टिकत नाही.

मग सूचना. जवळ जाऊन, त्याचं लक्ष वेधून, एका वेळी एकच: “टॅब टेबलावर ठेव.” “ठेवशील का?” नको, कारण त्याला ‘नाही’ हे रास्त उत्तर आहे. पाच सेकंद गप्प थांबायचं. ठेवला तर “लगेच ठेवलास, छान” असं नेमकं कौतुक. नाही ठेवला तर एकदाच ताकीद, मग दुसऱ्या दिवशीचा टॅब बंद. फक्त एक दिवस. “महिनाभर मिळणार नाही” म्हटलं की तिसऱ्या दिवशी आपणच माघार घेतो. मारण्याने आक्रमकपणा वाढतो, तो मार्ग नकोच.

तिसऱ्या आठवड्यात प्रकरण चिघळलं. हे अपेक्षितच असतं. जुनी युक्ती चालेना की मूल आधी तीच जोरात वापरून पाहतं. चौथ्या संध्याकाळी वीस मिनिटांच्या आरडाओरड्यानंतर बाबांनी टॅब देऊन टाकला. त्यातून तो शिकला की वीस मिनिटं पुरतात, आणि पुढचा तमाशा अर्धा तास चालला. तेव्हा दोघांनी नियम कागदावर लिहून काढले, ताकीद कोण देणार तेही ठरवलं.

बाराव्या आठवड्यात वहीत टॅबची सूचना बहुतेक दिवशी एकदा, क्वचित दोनदा. तोंड वाकडं करतो, पण ठेवतो. तोंड वाकडं करण्याला शिक्षा नाही. बहिणीशी भांडणं मात्र पूर्वीइतकीच आहेत.