संशोधक आपला डेटा कसा ठेवतात, कुणाला देतात याच्या मुलाखती घ्यायच्यात (सोलापूर). काय विचारू?

तुम्ही लिहिलंय की एम.लिब.च्या प्रोजेक्टसाठी सोलापुरातल्या कॉलेजांमधल्या संशोधकांशी बोलायचंय, भलीमोठी प्रश्नावली तयार आहे, पण पहिल्याच सरांनी "आमच्याकडे कसला आलाय डेटा, पेपर छापलाय तो घेऊन जा" म्हणून वाटेला लावलं. मी इथल्याच एका कॉलेजच्या लायब्ररीत आहे आणि असल्या मुलाखती बऱ्यापैकी घेतल्यात म्हणून लिहिते.

प्रश्नावली बॅगेतच राहू द्या. त्यांच्या एका छापलेल्या पेपरची प्रिंट काढून न्या, त्यातला एकच तक्ता किंवा ग्राफ निवडा आणि बोट ठेवून विचारा, "सर, हा आकडा कुठून आला, दाखवता का?" बास. "डेटा मॅनेजमेंट कसं करता" विचारलं की माणूस नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) कमिटीसमोर बसल्यासारखा छान छान बोलायला लागतो, आणि आकडा दाखवा म्हटलं की लॅपटॉप उघडतो, कपाट उघडतं, आणि मग खरं काय ते कळतं.

डाळिंबावरच्या तेल्या रोगावर काम करणाऱ्या एका मॅडमना असंच विचारलं होतं. तक्ता साधा, मृग बहारात तेल्या किती आणि हस्त बहारात किती (हे डाळिंब धरायचे दोन हंगाम). मागं मागं जात गेलो तर आधी एक एक्सेल, त्याच्या मागं एक लांबडी वही, ओळीनं झाडांचे नंबर आणि पुढं पानांवरच्या डागांचे मार्क, काही पानं पावसात भिजून शाई पसरलेली, आणि वहीच्याही मागं व्हॉट्सॲप! कारण ज्या आठवड्यात मॅडमना बागेवर जाता आलं नाही त्या आठवड्यात बागायतदारानं फोटो पाठवले आणि मार्क त्या फोटोंवरून दिलेले. पेपरात याचा उल्लेख नाही, मॅडमनी लपवलं वगैरे काही नाही, कुणी विचारलंच नव्हतं. आता यात भानगड अशी की व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो, आणि कधी काढला, कुठं काढला ही आतली माहिती निघून जाते. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर सगळं शाबूत राहतं. ही एक ओळ मी त्यांच्या मुलाखतीच्या नोंदीत लिहिली, कारण उद्या तो डेटा कुणी वापरायचा म्हटलं तर त्याला हेच आधी लागणार.

हे आकड्याच्या मागं टप्प्याटप्प्यानं जाणं काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या लायब्ररीनं इलिनॉय विद्यापीठाच्या लोकांसोबत "डेटा क्युरेशन प्रोफाइल" नावाची पद्धत बसवली आणि २०१० च्या सुमारास तिचं टूलकिट खुलं केलं, ते नेटवर मिळेल, जरूर वाचा. त्यातली माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे देवाणघेवाणीचा प्रश्न. "डेटा शेअर करता का" विचाराल तर सगळे म्हणतात हो हो, का नाही, आणि पुढं शून्य. त्याऐवजी प्रत्येक टप्प्याला वेगळं विचारायचं. ही कच्ची वही कुणाला द्याल, फक्त गाइडला? त्याच विषयातल्या बाहेरगावच्या माणसाला? कुणालाही? आणि साफ केलेलं एक्सेल? आणि कधी, पेपर यायच्या आधी की नंतर? मग तोच माणूस सांगतो की वही मेलो तरी देणार नाही, एक्सेल पेपर आल्यावर खुशाल घ्या.

का देणार नाही हे मात्र लगेच विचारू नका, थोडं बोलणं रंगलं की विचारा. पहिलं कारण ठरलेलं असतं, दुसरा कुणी आपल्याआधी पेपर टाकेल. ते खरंही आहे. पण अजून थोडं थांबलात तर बऱ्याचदा दुसरंच निघतं, की फाइल इतकी गचाळ आहे की दाखवायची लाज वाटते, कॉलमला नाव नाही, पिवळा रंग कशासाठी मारला ते आता स्वतःलाच आठवत नाही. या दोन कारणांवर उपाय वेगवेगळे आहेत. पहिल्याला तुम्ही झेनोडो सांगू शकता, युरोपातल्या सर्न संस्थेनं २०१३ मध्ये सुरू केलेली फुकट साइट, तिथं डेटाला स्वतःचा डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) मिळतो आणि ठराविक तारखेपर्यंत फाइल बंद ठेवता येते. दुसऱ्याला आधी फाइल नीट करायलाच मदत लागते. आपल्याकडं पीएचडी झाली की प्रबंध शोधगंगेवर (देशातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यात) जातो, पण तो पीडीएफ, त्याच्या मागची वही नाही जात तिथं.

मराठी, समाजशास्त्र, इतिहास या लोकांकडं जाणार असाल (जाच, सगळे फक्त सायन्सवाल्यांकडं जातात) तर फॉन्ट कुठला ते आवर्जून विचारा. जुनं टायपिंग श्रीलिपी नाहीतर कृतिदेव या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असतं, तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. डीटीपीवाल्यानं दुकान बंद केलं आणि फॉन्टही त्याच्याबरोबर गेला असं झालेलं मी बघितलंय.

आणि विडी कामगार, यंत्रमाग कामगार यांच्यावर काम करणारे इथं पुष्कळ. त्यांच्या मुलाखती बऱ्याचदा तेलुगूत होतात, टिपणं मराठीत, प्रबंध इंग्रजीत, म्हणजे कच्चा माल नेमका कुठला हाच प्रश्न, आणि मोबाइल भरला म्हणून रेकॉर्डिंग उडवलेली तर असतातच. "नावं काढलीत, आता द्यायला हरकत नाही" असं ते म्हणतील, तिथं थांबून बाकीचे कॉलम बघा. गल्ली, वय, कारखाना आणि मुलं किती एवढं असलं की शहराच्या पूर्व भागातला, म्हणजे त्याच वस्तीतला माणूस दोन मिनिटात सांगेल ही कोण बाई ते.

हाच नियम तुमच्या प्रोजेक्टलाही लागू हं. "सोलापुरातल्या एका कॉलेजातल्या, डाळिंबावर काम करणाऱ्या वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापिका" असं लिहिलं की नाव लपवून काय उपयोग. (वरच्या मॅडमना हे उत्तर आधी वाचायला दिलं, हो म्हणाल्या मग टाकलं.) रेकॉर्डिंगची परवानगी वेगळी घ्या, छापायची वेगळी घ्या, आणि लिहून झालेली नोंद त्यांना वाचायला द्याच. वाचताना ते दुरुस्त्या करतात, आणि पहिल्या बैठकीत न सांगितलेलं बरंच काही त्या दुरुस्त्यांमध्ये येतं.

लॅबमध्ये गेलात तर सरांबरोबर पीएचडीच्या पोरांशीही बोला, शक्यतो वेगवेगळं. मशीनवरची मूळ फाइल कुठल्या सॉफ्टवेअरशिवाय उघडत नाही, बॅकअप कोण घेतं, हे पोरांनाच माहीत असतं. पोरगा पास होऊन पुण्याला गेला की पेन ड्राइव्हही पुण्याला. सरांना विचारायचं ते एवढंच, मागच्या विद्यार्थ्याचा डेटा आत्ता काढून दाखवता येईल का?

तुमचे गाइड म्हणतील २०१६ ची ती फेअर तत्त्वं (डेटा सापडावा, मिळावा, दुसऱ्या डेटाशी जुळावा, पुन्हा वापरता यावा) प्रश्नांमध्ये घाला. घालू नका, घरी बसून उत्तरं त्यात बसवा.

वेळ सकाळची मागा, मे महिन्यात दुपारी तर अजिबात नको. परीक्षेच्या पेपर तपासणीचे दिवस आणि जानेवारीतली गड्ड्याची (सिद्धेश्वराची) जत्रा सोडून कधीही. आणि ज्यांनी वाटेला लावलं ना, त्यांच्याकडंच तो पेपर प्रिंट करून परत जा.