बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याकडे त्याच्या आत्म्याचा ‘दुप्पट वाटा’ मागणारा त्याचा शिष्य अलीशा लोभी होता का?

नाही. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकानुसार (२१:१७) वारशात थोरल्या मुलाला दुप्पट हिस्सा मिळे. अलीशा तोच वारसाहक्क मागतो (२ राजे २). त्याआधीची उमेदवारी मात्र लोक विसरतात. एलीयाने शिष्य म्हणून बोलावताना अंगावर झगा टाकला तेव्हा तो बाराव्या जोडीमागे नांगर धरून होता. ती बैलजोडी त्याने कापली, औताच्याच लाकडांवर मांस शिजवून लोकांना वाढलं. मागे फिरायला काही ठेवलंच नाही! पुढे तो एलीयाच्या हातावर पाणी घालणारा सेवक झाला. गिलगाल, बेथेल, यरीहो, तिन्ही ठिकाणी एलीयाने ‘तू इथेच थांब’ म्हटलं तरी त्याने साथ सोडली नाही. तरीसुद्धा एलीया वाटा स्वतः देत नाही. ‘देव मला वर नेताना पाहिलंस तर मिळेल’ म्हणतो, कारण देणारा देव. नुसती जवळीक पुरत नाही: अलीशाचा सेवक गेहजी याने अरामी सेनापती नामानाकडून खोटं बोलून चांदी आणि कपडे उकळले, नि कोड घेऊन बाहेर पडला.